२१ मार्च विंडहुकमध्ये, मग धुक्याचा किनारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं नामिबियाला जातोय. २१ तारखेला तिथला स्वातंत्र्यदिन, सगळं बंद असतं म्हणे. तो दिवस विंडहुकमध्ये काढावा की सरळ किनारा गाठावा? आणि वाळूचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले फोटो दिसतात, ते खरे असतात की संगणकावर केलेले?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. २१ तारखेला राजधानीतच थांबा. २२ला सकाळी निघा आणि किनाऱ्यासाठी किमान चार रात्री ठेवा. फोटो खरे आहेत, मात्र ते दृश्य केव्हाही आणि कुठल्याही गाडीने गेलात तर दिसेलच असं नाही. तिथे पोचायला ओहोटीची वेळ साधावी लागते.

गेली बारा-तेरा वर्षं मी आठ-दहा जणांचे गट घेऊन या देशात जातोय. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखाच हिशोब केला होता: सुट्टीच्या दिवशी शहरात करायचं काय, त्यापेक्षा अंतर कापू. २१ मार्चला भल्या सकाळी सगळ्यांना गाडीत घातलं. दुपारी खडीच्या रस्त्यावर एक चाक बसलं. स्टेपनी लावली, पुढच्या गावात पंक्चर काढू म्हटलं, तर दुकानाला कुलूप. उरलेला रस्ता स्टेपनीशिवाय, जीव मुठीत धरून काढला. संध्याकाळी मुक्कामी पोचलो तेव्हा घरमालकीणबाई टीव्हीवर संचलन बघत बसल्या होत्या. आम्ही कुठून आलो ते ऐकून त्यांनी विचारलं, "आज सकाळी तुम्ही विंडहुकमध्ये होतात, आणि तिथून निघून आलात?" त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अजून आठवतं. पंधरा ऑगस्टला सकाळी लाल किल्ल्यासमोरून कुणी घाईघाईने विमानतळाकडे निघालं तर आपण ज्या नजरेने बघू, तसं.

आता हा दिवस आहे तरी काय ते सांगतो, कारण किनारा कळायलाही ते लागतं.

१९९०च्या २० मार्चच्या रात्री विंडहुकच्या स्टेडियममध्ये दक्षिण आफ्रिकेचा झेंडा उतरला आणि मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाल्यावर सोनेरी सूर्याचा नवा झेंडा वर चढला. सॅम नुजोमा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना शपथ कुणी दिली, तर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हाविएर पेरेझ द क्वेयार यांनी. मावळते राज्यकर्ते म्हणून दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लर्क तिथे हजर होते. आपल्याकडून पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग गेले होते आणि सोबत राजीव गांधीही. सत्ताधारी आणि विरोधक एकाच शिष्टमंडळात.

शपथ सरचिटणिसांनी देण्याला कारण होतं. हा प्रदेश १८८४ पासून जर्मनीची वसाहत. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी तो घेतला आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाने तो त्यांच्याकडे विश्वस्त म्हणून सोपवला. विश्वस्तांनी तो घरचाच समजला, वर्णभेदाचे कायदेही लावले. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही विश्वस्ती रद्द केली, १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तुमचं इथलं वास्तव्य बेकायदा आहे असं मत दिलं, १९७८ मध्ये नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी सुरक्षा समितीचा ४३५ क्रमांकाचा ठराव झाला. दक्षिण आफ्रिका ढिम्म. १९६६च्या २६ ऑगस्टला ओमुगुलुग्वोम्बाशेला सशस्त्र लढ्याची पहिली चकमक झाली होती. तो दिवसही आज तिथे सुट्टीचा आहे. शेवटी शेजारच्या अंगोलातून क्युबाचं सैन्य परत जाण्याशी हा प्रश्न जोडला गेला, डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला करार झाला आणि १९८९च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. मतदान सुमारे ९७ टक्के. ७२ पैकी ४१ जागा नुजोमांच्या 'स्वापो' या मुक्तिसंघटनेला मिळाल्या. त्या संक्रमणकाळात शांतिसेनेचे लष्करी प्रमुख होते आपल्या सेनेतले लेफ्टनंट जनरल देवान प्रेम चंद. भारताने १९८६ मध्येच, म्हणजे देश जन्माला यायच्या चार वर्षं आधी, 'स्वापो'ला दिल्लीत पूर्ण दर्जाचा दूतावास उघडू दिला होता. विंडहुकमध्ये साठी-सत्तरीच्या माणसाला 'भारतातून आलो' असं सांगून बघा. चित्त्यांचा विषय निघायच्या आधी हा विषय निघतो. (चित्त्यांचाही निघतोच. १७ सप्टेंबर २०२२ला कुनोत जे पहिले आठ चित्ते आले, ते इथलेच.)

तारखेची आणखी एक गंमत. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि ६९ माणसं मेली. नामिबियाने स्वातंत्र्यासाठी तोच दिवस घेतला. पुढे दक्षिण आफ्रिका स्वतः बदलली आणि तिनेही २१ मार्च ही मानवी हक्क दिनाची सुट्टी केली. म्हणजे एके काळचा मालक आणि एके काळची वसाहत, दोघांची सुट्टी एकाच दिवशी. तुमच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की सुट्टीला शनिवार-रविवार जोडून आला, किंवा ईस्टर जवळ असला, की दक्षिण आफ्रिकेतून मोटारींनी लोक येतात आणि किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडमधल्या खोल्या भरतात. आरक्षण दोन-तीन महिने आधी करा.

२१ला प्रत्यक्षात काय बघाल? सोहळ्याला प्रवेश खुला असतो, पण मुख्य कार्यक्रम दर वर्षी राजधानीतच होतो असं नाही. कधी तो दुसऱ्या प्रदेशात नेतात, त्यामुळे पोचल्यावर हॉटेलात चौकशी करा. संचलन, विमानांची फेरी, राष्ट्राध्यक्षांचं भाषण हे सगळीकडे असतं तसंच. मी तिथे लोकांचे कपडे बघत बसतो. हेरेरो बायका जर्मन मिशनऱ्यांच्या काळातला पायघोळ झगा अजून नेसतात, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं दोन बाजूंना टोकं काढलेलं शिरोवस्त्र बांधतात. गुराढोरांवर जगणारा समाज. ज्यांनी त्यांना चिरडलं त्यांचाच पोशाख त्यांनी घेतला आणि वर आपली शिंगं लावली. ओवांबो बायकांच्या लाल-गुलाबी पट्ट्यांच्या कापडाला 'ओडेलेला' म्हणतात. फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हणणारं क्वचितच भेटतं.

संध्याकाळी विंडहुकच्या कटुटुरा वस्तीत जा, पण ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना जुन्या वस्तीतून उठवून इथे आणून टाकलं. नावाचा हेरेरो भाषेतला अर्थच साधारण 'जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा'. १० डिसेंबर १९५९ला या हलवाहलवीविरुद्ध उठाव झाला, गोळीबारही झाला. आज तिथल्या बाजारात निखाऱ्यावर 'कपाना' भाजतात, म्हणजे गोमांसाचे तुकडे तिखटमीठ लावून. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'महांगू'ची उकड मागावी. महांगू म्हणजे आपली बाजरी. माझ्या गटातल्या एका नगरच्या आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अरे, ही तर घाटा!" मग सोबतचं पालेभाजीचं कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्याच बाजरीचं आंबवलेलं पेय 'ओशिकुंडू'. आंबील पिणाऱ्याला ते परकं वाटणार नाही.

स्वातंत्र्य संग्रहालय आदल्या दिवशी बघून घ्या, सुट्टीच्या दिवसाचा भरवसा नको. इमारत उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधली. गावकरी तिला कॉफीचं यंत्र म्हणतात, आणि दिसतेही तशीच. तिच्या दाराशी नुजोमांचा पुतळा आहे. त्या परिसरात पूर्वी जर्मन घोडेस्वाराचा पुतळा होता. तो २०१३च्या डिसेंबरमध्ये हलवला.

मार्च म्हणजे आत पावसाळ्याचं शेपूट. वाळवंटी देश म्हणून छत्री घरी ठेवू नका. २०२५च्या स्वातंत्र्यदिनी नेटुम्बो नांदी-नदैत्वा या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा शपथविधी स्टेडियममध्ये व्हायचा होता. धो धो पावसामुळे तो ऐनवेळी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी हलवावा लागला.

आता किनारा. माझ्या गटांना मी २१च्या रात्री जेवणानंतर एक प्रश्न विचारतो: आज आपण ज्या स्वातंत्र्याचा सोहळा बघितला, त्यात समुद्र किती मिळाला?

नकाशा काढून बघा. सुमारे दीड हजार किलोमीटरचा किनारा, आणि त्यात मोठी जहाजं लागतील असं खोल बंदर एकच, वॉल्व्हिस बे. व्हेलमाशांची खाडी. हे बंदर २१ मार्च १९९०ला नामिबियाला मिळालंच नाही. ब्रिटिशांनी ते १८७८ मध्ये घेतलं आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या केप वसाहतीला जोडलं. त्यामुळे जर्मनांच्या वसाहतीच्या मधोमध हा ब्रिटिश तुकडा राहिला, आणि तो आमचाच वारसा असं म्हणत दक्षिण आफ्रिकेने तो सोडला नाही. सुरक्षा समितीने १९७८ मध्येच ४३२ क्रमांकाच्या ठरावात हे बंदर नामिबियात विलीन व्हावं असं म्हटलं होतं. तरीही स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चार वर्षं देशाला स्वतःचं मोठं बंदर नव्हतं. स्वाकोपमुंडहून निघालात, स्वाकोप नदीचं कोरडं पात्र ओलांडलंत, की दुसरा देश. बंदराबरोबर किनाऱ्यालगतची पेंग्विन बेटं म्हणून ओळखली जाणारी डझनभर खडकाळ बेटंही दक्षिण आफ्रिकेकडे होती. त्या उजाड खडकांचं मोल काय, तर पक्ष्यांची विष्ठा. १८४०च्या दशकात इचाबो बेटावर या खतासाठी शेकडो जहाजं नांगर टाकून उभी होती. बेटावरचा थर वर्ष-दोन वर्षांत खरवडून संपला. २८ फेब्रुवारी १९९४ संपून १ मार्च उजाडला त्या मध्यरात्री बंदर आणि बेटं नामिबियाच्या हाती आली. दोन महिन्यांवर दक्षिण आफ्रिकेची पहिली सर्वांसाठी खुली निवडणूक होती. मंडेलांचं राज्य येणार हे उघड होतं.

वॉल्व्हिस बेचा आमचा गाडीवान पन्नाशीचा आहे. तो म्हणतो, "माझ्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी घरी होतो, पण देशात नव्हतो." म्हणून मी २१ला विंडहुक आणि नंतर किनारा असा क्रम लावतो. इतिहास त्याच क्रमाने घडला.

वाळू समुद्राला भिडते कशी, हे निवांत सांगतो, कारण प्रत्येक गटात कुणीतरी 'समुद्राला लागून वाळवंट कसं काय?' असं विचारतंच. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे पाऊस. इथे उलटं आहे. दक्षिणेकडून किनाऱ्यालगत बेंगुएला नावाचा थंड प्रवाह वाहतो. दक्षिणेकडून येणारे जोरदार वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. मकरवृत्ताजवळचा समुद्र, पण पाणी इतकं गार की गुडघाभर जाऊन लोक ओरडत परत येतात. समुद्रावरची हवा या पाण्याला टेकून थंड होते, जड होते, आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. हवा वर चढलीच नाही तर ढग उंच होणार कसा आणि पाऊस पडणार कसा? त्याऐवजी धुकं होतं. स्वाकोपमुंडला वर्षभराचा पाऊस वीसेक मिलिमीटर. कोकणात जुलैमध्ये तेवढा तासाभरात पडतो. पण वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुकं असतं आणि ते वाऱ्याबरोबर पन्नास किलोमीटर, कधी त्याहून आत जातं.

इथलं सगळं जगणं या धुक्यावर. एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या धारेवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करतो. पाठीवर धुकं थिजतं, थेंब घरंगळत तोंडात येतात. वेलविचिया नावाची वनस्पती जन्मभर दोनच पानं वाढवते. ती वाऱ्याने फाटून चिंध्या होतात, म्हणून दहा-बारा वाटतात. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. दिसायला अगदी टाकलेल्या पोत्यासारखी, पण देशाच्या बोधचिन्हावर तिला जागा आहे.

आणि वाळू? ती आली हजार-दीड हजार किलोमीटरवरून. लेसोथोच्या डोंगरातून निघालेली ऑरेंज नदी ती वाहून आणते आणि दक्षिण सीमेवर समुद्रात ओतते. लाटा आणि प्रवाह ती किनाऱ्याने उत्तरेकडे सरकवतात, पुळणीवर टाकतात, मग वारा उचलून आत नेतो. किनाऱ्याजवळच्या टेकड्या फिक्या, पिवळसर दिसतात. आत सोसुस्व्लेईकडे जाल तशा त्या केशरी, तांबूस होत जातात, कारण आतली वाळू जुनी आणि तिच्यातलं लोह गंजलेलं. विंडहुकहून सेसरीमला, म्हणजे सोसुस्व्लेईच्या वेशीवर, जाऊन मग किनाऱ्याला उतरलात तर हा रंग उलट क्रमाने फिका होताना दिसतो. त्यासाठी मी हाच मार्ग घेतो. या वाळूसागराला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. क्षेत्र तीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त. धुक्यावर पोसलेला एवढा मोठा किनारी वाळूसागर जगात दुसरा नाही. उत्तरेला तो कुइसेब नदीपाशी कापल्यासारखा थांबतो. नदी बहुतेक वर्षं समुद्रापर्यंत पोचतही नाही, पण अधूनमधून आलेला लोंढा पात्रात साचलेली वाळू धुऊन नेतो. अलीकडे डोंगराएवढ्या टेकड्या, पलीकडे सपाट खडकाळ माळ.

तुमच्या फोटोतली जागा बहुधा सँडविच हार्बर, वॉल्व्हिस बेपासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर. नावात बंदर आहे, पण बंदर कधीच गाळाने भरलं. पूर्वी व्हेल मारणारी जहाजं इथे थांबत. आता एक उथळ खाजण, पक्षी, आणि टेकड्यांखालून झिरपणाऱ्या गोड्या पाण्यावर उगवलेली लव्हाळी. वाटेत टेकडी आणि लाट यांच्यामधली पट्टी काही ठिकाणी एका गाडीपुरती असते, तीही ओहोटीला. भरतीला ती पट्टी नाहीशी होते आणि लाट टेकडीच्या पायथ्यावर आपटते. फोटो तेव्हाचा.

म्हणून भाड्याची गाडी घेऊन स्वतः जायचं मनात आणू नका, ती चारही चाकांनी ओढणारी असली तरी. परवाना लागतो. शिवाय ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघाली नाही तर समुद्र ती ठेवून घेतो, आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या विम्यात खारं पाणी बसत नाही. वॉल्व्हिस बेहून परवानाधारक वाटाडे नेतात. आरक्षण करताना 'त्या दिवशी ओहोटी किती वाजता?' असं विचारा. ज्याने न बघता 'कधीही या' म्हटलं, त्याला सोडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते, तेव्हा वेळ जास्त मिळतो. टेकडीवरून उताराला गाडी सोडतात तेव्हा पोटात गोळा येतो; पाठीचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर आधी सांगा, पुढच्या आसनावर बसवतात.

येताना वॉल्व्हिस बेच्या खाजणात रोहित पक्षी बघायला थांबा. मार्चबाबत एक सावधगिरी: आत पाऊस चांगला झाला असेल तर त्यातले पुष्कळ विणीसाठी इटोशा, मकगाडीकगाडी या आतल्या खाऱ्या पठारांकडे गेलेले असतात. गर्दी कमी दिसली म्हणून वाटाड्यावर रागावू नका. कधी कधी खाडीवर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. समुद्रतळाच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड वायू वर येतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरून काठाला लागतात. गावाला त्याची सवय आहे. एकदा आमच्या गटाने मात्र हॉटेलाच्या मोरीची तक्रार केली होती.

किनारा जागचा हलतो, यावर विश्वास बसत नसेल तर स्वाकोपमुंडहून छोट्या विमानाने दक्षिणेला फेरी मारा. महाग आहे, तरी पैसे फिटतात. 'एडुआर्ड बोलेन' हे जर्मन जहाज १९०९च्या सप्टेंबरमध्ये धुक्यात किनाऱ्याला लागलं. आज ते पाण्यापासून काही शे मीटर आत, वाळूत बसलेलं आहे. जहाज होतं तिथेच आहे. वाळूने समुद्राला मागे सारलं.

स्वाकोपमुंड टुमदार आहे: जर्मन बेकऱ्या, लाकडी नक्षीची घरं, समुद्रात शिरलेला धक्का. माझ्या गटांना ते आवडतं आणि मी आवडू देतो. पण गावाच्या कडेला, नीटनेटक्या स्मशानभूमीच्या पलीकडे, वाळूचे बिननावाचे उंचवटे आहेत. जर्मनांच्या कैदछावणीत मेलेल्या हेरेरो आणि नामा लोकांची ती दफनं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली; जर्मनीने तो वंशसंहार होता असं २०२१ मध्ये मान्य केलं. तिथे अर्धा तास द्या. गाडीत बसून नको, उतरून.

उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर केप क्रॉस. १४८६ मध्ये पोर्तुगीज खलाशी दियोगो कांव याने इथे दगडी क्रूस रोवला. हिंदुस्थानची वाट शोधणाऱ्यांनी तोवर गाठलेलं ते टोक होतं. बारा वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला. मूळ क्रूस जर्मनांनी १८९३ मध्ये नेला, तो परत करायचं जर्मनीने २०१९ मध्ये ठरवलं. तुम्हाला दिसेल ती प्रतिकृती, आणि तिच्याभोवती सील प्राण्यांची लाखाच्या घरातली वसाहत. वास कपड्यांना दोन दिवस सोडत नाही. तो सहन करायची तयारी असेल तर जा, मार्चमध्ये पिल्लं चार-एक महिन्यांची असतात आणि फार भांडतात.

दक्षिणेला ल्युडेरिट्झपर्यंत जायला तुम्हाला वेळ पुरेल असं वाटत नाही. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या ऑरेंज नदीने वाळू आणली, तिनेच आतल्या खडकांतले हिरेही आणले आणि लाटांनी ते किनाऱ्यावर पसरले. १९०८ मध्ये झकारियास लेवाला या रेल्वे मजुराला वाळू उपसताना पहिला हिरा सापडला. त्याने तो मुकादमाकडे दिला. श्रीमंत मुकादम झाला. लगेच जर्मन सरकारने त्या किनाऱ्याचा मोठा पट्टा 'निषिद्ध क्षेत्र' ठरवला, आणि पुढची शंभर वर्षं सामान्य नामिबियन माणसाला स्वतःच्याच देशाच्या त्या समुद्रावर पाय ठेवता आला नाही. २००८ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. योगायोग असा, की त्याच वर्षी खाणकामासाठी समुद्र मागे हटवून तळ उघडा केला तेव्हा एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष निघाले: दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी, तांब्याच्या लाद्या, शंभरावर हस्तिदंत. हे १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेलं 'बॉम जेझुस' असावं असं अभ्यासक मानतात. गोव्याच्या वाटेवरचा माल पावणेपाचशे वर्षं हिऱ्यांच्या पहाऱ्यात पडून होता.

आता बारीकसारीक. गाडी डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. जड जातो खडीचा रस्ता. ताशी ऐंशीच्या वर जाऊ नका. कोपऱ्यावर ब्रेक दाबला की गाडी साबणावरून घसरल्यासारखी जाते. खडीवर चाकातली हवा थोडी कमी करायची, डांबरी रस्ता आला की पुन्हा भरायची. स्टेपनी दोन मागा, आणि ताब्यात घेताना दोन्हींत हवा आहे का ते स्वतः बघा. मार्चमध्ये कोरड्या नदीपात्रांना अचानक पाणी येतं. पाणी वाहतं असेल तर थांबा, दोन-चार तासांत बहुधा उतरतं. गाडी घालून खोली बघायचा शहाणपणा नको. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, रात्री रस्त्यावर कुडू नावाची हरणं येतात आणि ती घोड्याएवढी असतात. २० तारखेलाच किराणा, पाणी, इंधन भरून ठेवा.

कपडे दोन तऱ्हांचे लागतील. विंडहुकला तिशीच्या आसपास तापमान आणि स्वाकोपमुंडला सकाळी स्वेटर, तोही बंद गळ्याचा. आपले लोक वाळवंट म्हणून सुती सदरे आणतात आणि पहिल्या सकाळी हॉटेलातल्या चादरी पांघरून नाश्त्याला येतात. धुकं साधारण अकरा-बाराला विरतं, म्हणून विमानाची फेरी दुपारची घ्या आणि एक दिवस हातचा राखा.

केप क्रॉसला जाताना खाऱ्या पाण्याने चोपलेल्या रस्त्याच्या कडेला छोटी मेजं दिसतील. त्यांवर गुलाबी-पांढरे मिठाचे खडे मांडलेले असतात, शेजारी किंमत लिहिलेली पाटी आणि एक डबा. विकणारं कुणी नसतं. खडा उचलायचा, पैसे डब्यात टाकायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा, मोड द्यायला तिथे कुणी नसतं.